उपाशी वाफा

४ फेब्रुवारी

कार्यालयीन नोंदवहीत संतापासाठी रकाना नाही. तापमान, आर्द्रता, आम्लता आणि शेरा असे चारच रकाने. त्यांतही शेऱ्याचा रकाना करंगळीएवढा. सबब ही खासगी वही.

आजपासून आमची नियुक्ती बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या भूखंडावर झाली. आमची म्हणजे, मृदापरीक्षण कार्यालयात बावीस वर्षे माती चाळता चाळता ज्याच्या मस्तकाच्या मध्यभागाची पूर्ण धूप झाली, त्या सहायक मृदातज्ज्ञाची. या कारखान्यात तीस वर्षे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे वितळवीत आणि उरलेले आम्ल जमिनीस अर्पण करीत. जमिनीने ते निमूटपणे प्राशन केले. आता तिथे गवताची काडी उगवत नाही. उगवतो तो केवळ वाद.

वाद असा. नगरपालिकेस त्या जागी प्राथमिक शाळा आणि क्रीडांगण बांधायचे आहे. जमीन विषारी ठरली तर कंपनीने स्वखर्चाने वरची माती उचलून न्यायची आणि तोवर तिथे एकही मूल फिरकू द्यायचे नाही. निर्दोष ठरली तर पुढल्या सत्रात शाळेची घंटा. मातीच्या नमुन्यांचे दोन अहवाल झाले आहेत. कंपनीच्या अहवालात शिसे शोधूनही सापडत नाही. रहिवाशांच्या अहवालात ते शोधावेच लागत नाही. तेव्हा हा वाद मिटवण्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीशबाई, म्हणाल्या, "मला डोळ्यांना दिसेल असं काही करा."

म्हणून चार वाफे. प्रत्येक तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. पहिल्यात चुना आणि कंपोस्ट, दुसऱ्यात हाडांचा चुरा, तिसऱ्यात कोळशाची भुकटी. ही द्रव्ये शिशाला हद्दपार करीत नाहीत, केवळ बेड्या घालतात. पण तेवढ्याने मुळांना श्वास घेता येतो. चौथ्यात काहीही नाही. चारहींत मोहरी. तीन वाफ्यांत ती तगली आणि चौथ्यात मेली की जमिनीचा गुन्हा सिद्ध.

चौथ्यासाठी स्वहस्ते पाटी रंगवली : 'अनुपचारित तुलनाखंड. हस्तक्षेप निषिद्ध.'

सौ.ने फोटो पाहून विचारले, "मनाई कुणाला केलीये? शब्दकोशाला?"

५ फेब्रुवारी

जागेवर एक चौकीदार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणतो. अठ्ठावीस वर्षे याच कारखान्याच्या भट्टीवर होते; भट्टी विझली तशी कंपनीने त्यांना उरलेल्या रिकामपणाची राखण दिली. हात कापतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि तरीही बशीला पहिला वाटा मिळतो.

"डॉक्टर म्हणतात वय झालं," मामा म्हणाले. "माझा साडू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सुईत दोरा ओवतो."

त्यांची नात पुढल्या सत्रात पहिलीत जाईल. अर्थात याच शाळेत. म्हणून प्रयोगावर त्यांची आमच्याहून अधिक निष्ठा. चारही वाफे त्यांनी आमच्यासोबत खणले आणि मग विचारले, "चौथ्याला काय घालायचं साहेब?"

"काही नाही. तो अनुपचारित."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यास काही द्यावयाचे नाही. वाफ्यात पाऊलही टाकायचे नाही. पाणी तेवढे चौघांना समान."

"आणि तो मेला तर?"

"मरण हेच त्याचे कर्तव्य."

मामा पाटीकडे बघत राहिले. "चार पोरांत एकालाच उपाशी," एवढेच म्हणाले. आम्ही शास्त्राच्या निष्ठुर निष्पक्षपातावर चार वाक्ये ऐकवली. त्यांना ती पटलेली दिसली.

११ फेब्रुवारी

चारही वाफ्यांत अंकुर. चौथ्यातही. घाबरण्याचे कारण नाही. बीज आपली शिदोरी बांधूनच जन्मास येते. ती संपली की खरा प्रश्न.

कंपनीचे सल्लागार पाहणीस आले. त्यांच्या आधी त्यांचा सुगंध आला आणि ते गेल्यावरही अर्धा तास थांबला. मामांनी त्यांचे नाव ठेवले आहे : अत्तरसाहेब. पांढऱ्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून फळीवरून चालत होते.

"मातीत काही दोष नाही म्हणता, मग फळी कशाला?" आम्ही विचारले.

"बुटांचा प्रश्न वेगळा, मातीचा वेगळा," ते म्हणाले. या गृहस्थांना तर्कशास्त्र कोणी शिकवले, त्याचा पत्ता हवा आहे.

२० फेब्रुवारी

चौथा वाफा मरू लागला आहे! पाने पिवळी, कडा जांभळट, रोपे माना टाकलेली. उरलेले तीन हिरवेगार. इतरांच्या मरणाने इतका आनंद होणे सभ्य माणसास शोभत नाही, हे मान्य करून आम्ही एक संपूर्ण पान आनंदाने नोंदवले.

मामांना दाखवायला बोलावले. ते चौथ्याकडे पाठ करून पहिल्याला पाणी घालीत राहिले.

"बघा तरी, मामा. सिद्ध होत चाललंय."

"बघितलं," ते म्हणाले. "सकाळपासून तेच बघतोय. माना टाकल्यात बिचाऱ्यांनी."

जाताना मात्र त्यांनी स्वतःहून कंपोस्टचे एक पोते मागून घेतले. पहिल्या वाफ्याला वरखत लागले तर असावे, म्हणाले. अशी कर्तव्यदक्षता आमच्या कार्यालयात औषधालाही नाही. अवजारांच्या खोलीची दुसरी किल्लीच त्यांच्याकडे दिली.

२७ फेब्रुवारी

विपरीत. चौथा वाफा सावरतो आहे. तोही चमत्कारिक रीतीने : चारही कडांनी टवटवीत मोहरी आणि मधोमध उजाड. थेट आमच्या मस्तकाची प्रतिकृती. भोवती हिरवळ, मध्ये मैदान.

दुपारभर मनन करून उपपत्ती मांडली. मध्यभागी यंत्रांच्या जुन्या वर्दळीने माती दबली असावी, कडांना मात्र शेजारच्या वाफ्यांतील पोषक पाणी झिरपत असावे. कार्यालयीन नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मावेना, म्हणून समासात वळसा घालून लिहिली आणि खाली सही ठोकली. उपपत्ती सुबक आहे.

घरी सौ.ला आकृती काढून समजावली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणीतरी खायला घालत असेल."

"कोण घालील? आणि का?"

"का म्हणजे? वाळत चाललेलं बघवत नाही माणसाला. मागच्या वेळी तुम्ही तुमच्या प्रयोगाची कुंडी गॅलरीत वाळत ठेवली होती, तिला पाणी कोण घालत होतं?"

"कोण?"

तिने मेथीची पुढची जुडी सोडली. तो प्रयोग फसल्याबद्दल आम्ही तीन वर्षे बियाणे कंपनीला दोष देत आहोत.

६ मार्च

संताप! आजच्या वर्तमानपत्रात चौथ्या वाफ्याचे छायाचित्र : 'विषारी म्हटल्या गेलेल्या जमिनीवर निसर्गाची किमया'. अत्तरसाहेबांनी फळीवर उकिडवे बसून, कॅमेरा जमिनीलगत धरून काढलेले. त्या कोनातून पुढची हिरवी कड दिसते, मागचे टक्कल दिसत नाही. शेजारी त्यांचे उद्गार : 'कोणतेही खत न घालता रोपे वाढली. आता शाळेस विलंब कशाला?'

धावत जागेवर गेलो. चौथ्याच्या कडेची माती उकरली तर आत गांडूळ! एक नव्हे, सात. ज्या मातीत खिळा टाकला तर आठवड्यात विरघळेल, तिथे गांडूळ सहकुटुंब नांदते आहे. हे जीव कंपोस्टसोबतच येतात. अर्थ स्वच्छ आहे : अत्तरसाहेबांनी माणसे पाठवून चौथ्याला चोरून खत घातले. शाळेतल्या पोरांच्या फुप्फुसांत शिशाची धूळ जावी म्हणून चार घमेली कंपोस्ट! विषप्रयोगाचा इतका सेंद्रिय प्रकार इतिहासात नमूद नसावा.

मोठ्या साहेबांना अकरा पानी पत्र लिहिले. त्यांनी पहिले पान वाचले, शेवटचे वाचले आणि विचारले, "पुरावा?"

मामांना सगळे सांगितले. त्यांचे हात इतके कापू लागले की कप खाली ठेवावा लागला.

"कंपनीचा माणूस असंल म्हणता?"

"दुसरा कोण असणार? एवढा नीच दुसरा कोण असेल?"

ते कप तसाच टाकून फाटकाकडे निघून गेले. त्यांनाही संताप आवरेना, हे उघड होते.

९ मार्च

ही नोंद लिहिण्यास लेखणी धजत नाही.

चोर पकडण्यासाठी सकाळी सहा वाजता अवजारांच्या खोलीत, घमेल्यांच्या चळतीमागे दबा धरून बसलो. मामांनी वरखतासाठी मागून घेतलेले कंपोस्टचे पोते भरलेले अपेक्षित होते. ते तळाशी गेलेले होते. तेव्हाच कळायला हवे होते. कळले नाही.

सव्वासहाला दार उघडले आणि मामा आत आले. पत्र्याच्या डब्यात खत भरून बाहेर गेले. चौथ्याच्या कडेला उकिडवे बसले. उघड्या हातांनी, एकेका रोपाच्या बुडाशी चिमूट चिमूट ठेवीत होते, पुटपुटत होते. "खा बाबा. तूपण खा. साहेबाला कळू देऊ नका."

आम्ही बाहेर आलो. पायाखाली घमेले वाजले. मामा उठले नाहीत. फक्त दोन्ही हात वर केले, जणू आमच्या हाती बंदूक होती.

"पाऊल नाही टाकलं, साहेब," ते घाईने म्हणाले. "तुम्ही म्हणाला होता पाऊल टाकायचं नाही. एकदाही टाकलं नाही. कडेवरून हात पोचला तेवढंच घातलं."

"पण का, मामा? पाटी लावली होती ना?"

"पाटी वाचली की. कळली नाही. मला वाटलं खत कमी पडलं असंल. सरकारी काम. तीनच वाफ्यांचं मंजूर झालं असंल, चौथ्याचं अडकलं असंल कुठं टेबलावर. तुम्ही भला माणूस. लाज वाटून सांगत नसाल."

बावीस वर्षांच्या सेवेत आमच्या खात्याचे इतके अचूक वर्णन कोणी केले नव्हते.

मग त्यांच्या शेजारी बसून सांगितले. अनुपचारित नाही, तुलनाखंड नाही, साधे सांगितले. हा वाफा उपाशी ठेवायचा, तो मेला की कळते जमीन किती वाईट आहे. हा जगला तर कंपनी म्हणणार, जमीन चांगली आहे, आणा पोरांना खेळायला.

सांगायला दोन मिनिटे लागली. पाच फेब्रुवारीला आम्ही चार वाक्यांत तीन समास आणि एक अवतरण वापरले होते.

मामा हाताला चिकटलेली माती बघत राहिले. "म्हणजे मी कंपनीचं काम केलं," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं केलं ते पगारावर. हे फुकट."

त्यांच्या उघड्या बोटांकडे पाहताना आठवले : खोलीत रबरी हातमोजे पाच जोड पडून आहेत. 'शास्त्रीय कर्मचाऱ्यांसाठी'.

१० मार्च

सौ.ला सांगितले. ती "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली नाही. याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे.

मामांना सुचवले की समितीपुढे काही बोलू नका, नोकरी जाईल. चौथा वाफा रद्द करावा असा अर्ज आम्ही मोघम देऊ.

"मोघम नको," ते म्हणाले. "मोघम बोलूनच झालंय हे सगळं. मी सांगतो."

१६ मार्च

सुनावणी जागेवरच झाली. समितीचे तीन सदस्य, अत्तरसाहेब, मोठे साहेब, आम्ही. अत्तरसाहेबांनी वर्तमानपत्राचे कात्रण फडकवले. मामा पुढे झाले.

"बाई, ते खत मी घातलं. निसर्गानं नाही."

अत्तरसाहेब हसले. "काल शिकवलेलं आज म्हणतोय. या माणसाचा कंपनीवर राग आहे. असं काहीही घडलेलं नाही."

न्यायाधीशबाईंनी मामांना विचारले, "कसं घातलंत ते दाखवाल?"

मामा कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी हात लांब केला. हात कापत होता, पण बोटांची टोके जिथे थांबली, तिथेच मोहरीची शेवटची हिरवी ओळ होती. त्यापुढे उजाड. मग दुसऱ्या कडेला बसले, तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक वेळी हिरवळ त्यांच्या बोटांशी संपत होती. आम्ही जिला दबलेल्या मातीची उपपत्ती म्हणत होतो, ती एका म्हाताऱ्याच्या हाताची लांबी होती.

बाई स्वतः चष्मा सांभाळत उकिडव्या बसल्या. "म्हणजे मधल्या तुकड्याला काहीच मिळालेलं नाही. मूळचा उपाशी वाफा तिथं शिल्लक आहे. तिथली माती सीलबंद करून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवूया."

"हरकत आहे," अत्तरसाहेब म्हणाले आणि त्यांनी आमच्या कार्यालयीन नोंदवहीची प्रत बाहेर काढली. "खुद्द शासकीय तज्ज्ञांचाच शेरा आहे. मध्यभाग यंत्रांनी दबलेला, म्हणून तिथे रोपे नाहीत. शिशाचा संबंध नाही. खाली सही आहे."

सही आहे. समासातून वळसा घालून, सुबक. ती वाचताना त्यांचा स्वर आमच्याहून चांगला लागला, हेही नमूद करावे लागते.

बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "ती उपपत्ती चुकीची होती." बाई म्हणाल्या, "कोणती चूक आणि कोणती बरोबर, हे मला दोन्ही बाजूंनी तुमच्याच शब्दांत ऐकायला मिळतंय. खत घातलं याला त्यांच्या शब्दाखेरीज काही आधार?"

नव्हता. निर्णय राखून ठेवला.

१९ मार्च

मामांना कामावरून काढले. कंपनीच्या शिक्क्याचे पत्र चौकीवर आले. मामांनी ते आमच्या हातात दिले. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा घालून वाचायची इच्छा नव्हती.

शब्दशः उतरवतो : 'आपण कर्तव्यावर असताना, कंपनीच्या मालकीच्या जागेतील चौथ्या वाफ्यास वीस फेब्रुवारीपासून अनधिकृतपणे खत घातल्याचे चौकशीअंती सिद्ध झाल्याने आपली सेवा तत्काळ समाप्त करण्यात येत आहे.'

तीस वर्षे या जमिनीत आम्ल ओतले, कागदाचा एक तुकडा कुणाला गेला नाही. भट्टीवरच्या माणसांचे हात कापू लागले, तेव्हा कोणाची चौकशी झाली नाही, काही सिद्ध झाले नाही, कोणाची सेवा समाप्त झाली नाही. आणि मूठभर कंपोस्टसाठी तीन दिवसांत चौकशी, सिद्धता, शिक्का! या कंपनीला विष घातलेले चालते, अन्न घातलेले चालत नाही. हे वाक्य मी मोठ्याने म्हटले. मामा म्हणाले, "हळू. मला तर उठवलंच इथून, आता तुम्ही कशाला ओढवून घेता?"

दुसऱ्यांदा वाचताना शब्दांवर थबकलो. चौथ्या वाफ्यास. खत घातल्याचे. सिद्ध झाल्याने.

अत्तरसाहेब सोमवारी म्हणाले, असे काही घडलेच नाही. कंपनी गुरुवारी लिहून देते, घडले, तारखेसह.

"मामा, हे पत्र मला द्याल?"

"घ्या. मी काय त्याची चौकट करून लावणार आहे?"

पत्रासोबत समितीला द्यायला सौ.ने दोन ओळींचा अर्ज लिहून दिला. मी बावीस ओळींचा लिहिला होता.

८ एप्रिल

निकाल लागला. कंपनीचेच पत्र पुरावा धरून बाईंनी मधल्या तुकड्याची माती बाहेर पाठवली होती. शिसे मर्यादेच्या एकोणीस पट. भूखंड बंद, शाळा दुसरीकडे, वरची माती कंपनीने उचलायची. सोमवारपासून यंत्रे येणार.

मला ज्ञापन मिळाले : 'देखरेखीत हयगय आणि शेऱ्यात अनावश्यक विस्तार'. हे ज्ञापन योग्य माणसाला आले आहे. मामांचे पत्र योग्य माणसाला आलेले नव्हते, आणि ते मागे घेण्याविषयी निकालात एक अक्षर नाही. मी विचारले तर बाईंच्या लेखनिकाने सांगितले, "तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही." कक्षा ही गोष्ट नेहमी गरिबाच्या अलीकडे येऊन कशी संपते, याची उपपत्ती मला मांडता येत नाही.

मामांना सध्या काम नाही. आमच्या कार्यालयात रोपवाटिकेवर घ्यावे, असा अर्ज मोठ्या साहेबांपुढे ठेवला आहे. पाच ओळींचा.

११ एप्रिल

शनिवार. पाटी काढायला गेलो होतो. फाटकाबाहेर मामा उभे होते, नातीला घेऊन. तिला आत आणले नाही. बाहेरच्या कठड्यावर बसवून ठेवले होते.

आम्ही दोघे चौथ्यापाशी उभे राहिलो. मध्यभागी, समितीने माती खणून नेलेल्या खड्ड्याशेजारी, आजवर कोणाच्या नजरेस न पडलेली दोन रोपे अजून होती. करंगळीएवढी, पिवळी, दोन दोन पानांची. पासष्ट दिवस काहीही न खाता.

"काम झालं ना आता याचं?" मामांनी विचारले.

"झालं."

"मग घालू का?"

"मामा, सोमवारी ही सगळी माती उचलून नेणार आहेत."

"माहीत आहे. सोमवारपर्यंत जेवेल."

मी अवजारांच्या खोलीतून हातमोजे आणले आणि आधी त्यांच्या हातात चढवले. कापत्या हातांना वेळ लागला. मग पोत्याच्या तळाचे उरलेले कंपोस्ट डब्यात भरून दिले. ते कडेला, नेहमीच्या जागी उकिडवे बसले, हात लांब केला. पोचेना.

माझ्याकडे वळून पाहिले.

"टाका पाऊल," मी म्हणालो.